शाळेत दिव्यांग मुलाला बांधून ठेवतात असा संशय आला, तर घरच्यांनी काय करावं आणि कोणत्या क्रमाने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाचा नऊ वर्षांचा, तिसरीत, ऑटिझम आहे, बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं. शाळा तासगाव तालुक्यातली, खासगी अनुदानित. महिन्याभरात दोनदा त्याच्या उजव्या मनगटाभोवती वळ दिसले. वर्गातल्या एका पोराने सांगितलं, "बाई त्याला ओढणीनं बाकाला बांधत्यात." मुख्याध्यापक म्हणतात तो स्वतःच चावून घेतो, आणि तुम्हाला काळजी वाटत असेल तर घरी ठेवा, आम्ही घरपोच शिक्षणात नाव घालतो. बहीण माहेरी राहते, धाकटी भाची त्याच शाळेत पहिलीत आहे, दिव्यांग प्रमाणपत्र अजून झालेलं नाही. मामा म्हणून तक्रार मला देता येईल का आणि सुरुवात कुठून करू?

तक्रार तुम्ही देऊ शकता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ७ सांगतं की दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार झाला, होतो आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं मानायला कारण असलेली कोणीही व्यक्ती ते कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकते. नातं सिद्ध करावं लागत नाही. तरीही प्रत्येक अर्जावर आईची सही घ्या. शाळेच्या दप्तरी पालक म्हणून तिचं नाव आहे आणि चौकशीला आलेला माणूस पहिला प्रश्न "हे कोण?" असाच विचारतो.

आता मुख्य मुद्दा. इथे दोन वेगळी कामं आहेत. उद्यापासून मुलाला कोणी बांधू नये, हे पहिलं. ज्याने बांधलं त्याच्यावर कारवाई, हे दुसरं. पहिलं आठवड्याभरात होऊ शकतं, दुसऱ्याला महिने लागतात. बहुतेक घरं रागाच्या भरात दोन्ही एकाच अर्जात घालतात. मग तो अर्ज "शिक्षकाविरुद्ध तक्रार" या फायलीला लागतो, चौकशीची पत्रं इकडून तिकडे फिरतात आणि मूल मात्र त्याच वर्गात, त्याच बाकावर. म्हणून अर्ज दोन करायचे. त्यांचा मजकूर वेगळा, मागणी वेगळी.

पण अर्जाच्याही आधी नोंद. अर्ज पोहोचला की शाळा सावध होते. ताजा वळ असेल तर त्याच दिवशी, नसेल तर जास्तीत जास्त दोन-तीन दिवसांत हे काम उरका.

वळाचा फोटो दिवसाउजेडी, खिडकीशी. फ्लॅश नको, त्यात लाली उडते. एक फोटो थोडा लांबून, ज्यात चेहरा आणि हात दोन्ही येतील. एक जवळून. तिसरा तसाच जवळून, पण शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवून. मनगट वळवून आतली बाजूही घ्या, कारण शाळेच्या "चावून घेतो" या म्हणण्याचं उत्तर तिथेच आहे. चावल्याची खूण अर्धगोल, दातांच्या ठिपक्यांची असते. बांधल्याची खूण साधारण सारख्या रुंदीच्या पट्ट्यासारखी मनगटाभोवती फिरते आणि गाठ रुतते तिथे जास्त उमटते. मुलाला खरोखरच हात चावायची सवय असेल तर तेही लपवू नका. कोणता हात, कोणती जागा, कधी चावतो, हे आपणच आधी लिहून ठेवा. लपवलेली गोष्ट शाळेने बाहेर काढली की बाकीचं खरंही खोटं ठरतं.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी, गणवेश घालून झाल्यावर, त्याच हातांचा फोटो. शाळेत जाताना हात कोरे होते हे दाखवणारा फोटो वळाच्या फोटोइतकाच मोलाचा असतो, आणि नेमका तोच कोणाकडे नसतो. अर्ज दिल्यावरही ही सकाळ-संध्याकाळची सवय महिनाभर ठेवा. फोटो ज्या फोनवर काढले त्यातच मूळ फाइल राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतून वेळेचा तपशील गळतो. पुढे न्यायालयात तो द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात कोणत्या यंत्रावर काढला हे सांगावं लागतं. तोवर फोन विकू नका.

डॉक्टरांकडे सरकारी दवाखान्यातच जा. तासगावला किंवा सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात, अपघात विभागात. "एमएलसी (जखमेची पोलीस-कोर्टाच्या कामी लागणारी वैद्यकीय नोंद) करायची आहे" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर मलम देऊन केसपेपर हातात मिळतो. वळाचा रंग पाहून तो नेमका किती दिवसांचा हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागू नका. जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि कशाने झालं असू शकेल एवढं त्यांनी लिहिलं की काम झालं.

मुलाला विचारताना जपून. "बाईंनी बांधलं ना रे?" असा प्रश्न घरात दहा जणांनी दहा वेळा विचारला की मूल मान हलवायला शिकतं, आणि पुढे तीच मान-डोलावणी शिकवलेली म्हणून बाद होते. एकाच माणसाने, शक्यतो आईने, एकदाच विचारावं. वर्गाचं साधं चित्र काढून द्या: बाक, फळा, दार. बाहुली किंवा खडू देऊन "तू कुठं बसतोस, दाखव" एवढंच म्हणा आणि गप्प राहा. जे दाखवेल ते तारीख-वेळेसह वहीत लिहा, त्याच शब्दांत, त्याच हातवाऱ्यांत. "त्याने दोन्ही मनगटं एकावर एक ठेवली आणि बाकाच्या पायाकडे बोट केलं" हे वाक्य "त्याने सांगितलं की बांधतात" यापेक्षा कितीतरी भक्कम.

त्या वर्गमित्राचं काय? त्याला अंगणात गाठून मोबाइलवर बोलतं करू नका. त्याच्या आईवडिलांना भेटा. त्यांची तयारी असेल तर त्यांनी चार ओळी लिहून द्याव्यात. नसेल तर आग्रह नको, फक्त भेटीची तारीख आणि ते काय म्हणाले हे वहीत टिपा. गावात आज बोललेला माणूस उद्या मागे सरतो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. त्याचंही पोर त्याच शाळेत आहे.

सीसीटीव्हीचं पत्र मात्र त्याच दिवशी द्यायचं. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधली डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. कॅमेरे किती आणि डिस्क केवढी यावर ते ठरतं, पण बऱ्याच शाळांत पंधरा दिवस ते महिन्याभरात जुनं पुसलं जातं. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती हे सगळं बंधनकारक केलं आणि अनुचित प्रकार घडल्यास २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायला सांगितलं. पत्र दोन ओळींचं: "अमुक तारखा, अमुक वेळ, तिसरीचा वर्ग व व्हरांडा, हे चित्रीकरण चौकशी पूर्ण होईपर्यंत जतन करावे." चित्रीकरण आम्हाला द्या असं या पत्रात मागू नका. इतर मुलांचं कारण देऊन ते नाकारता येतं आणि जतनाचा मुद्दा त्या वादात बुडतो.

पहिला अर्ज : संरक्षणाचा

हा मुख्याध्यापकांच्या नावे. प्रती दोन ठिकाणी: संस्थेचे सचिव आणि पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना वेगळं पत्र द्या. समग्र शिक्षा योजनेत हे विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. तुमच्या शाळेत ते शेवटचे कधी आले होते हेही विचारा.

अर्ज एका पानाचा. कोणावर आरोप कमी, मागणी जास्त. मुलाला कोणत्याही कारणाने बांधू, कोंडू किंवा एकटं बाहेर बसवू नये. संबंधित शिक्षिकेकडे तो एकटा राहणार नाही अशी व्यवस्था चौकशी होईपर्यंत करावी. आठवड्याच्या आत पालक, वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक आणि विशेष शिक्षक यांची बैठक घेऊन वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लेखी ठरवावा. धाकट्या बहिणीला या तक्रारीवरून त्रास होऊ नये. आधार म्हणून शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७, जे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं, आणि दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६, जे अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळेला आवश्यक सोयी द्यायला बांधून घेतं.

दोन प्रती न्या. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही. क्लार्क म्हणेल साहेब नाहीत, उद्या या. वाद न घालता बाहेर पडा आणि तासगावच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने, पोहोच मागवून पाठवा. पावती वहीत चिकटवा.

दोन-तीन दिवसांत बांधणं थांबल्याचं दिसलं नाही, किंवा शाळेने अर्जच नाकारला, तर तहसीलदारांकडे जा. तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात आणि कलम ७ खाली माहिती मिळाली की त्यांनी अत्याचार थांबवण्यासाठी तातडीने पावलं उचलायची असतात. हे दार फारच कमी लोक ठोठावतात. तहसील कार्यालयातही कधी कधी "शाळेचं आहे ना, मग शिक्षण विभागात जा" असं म्हणतात, म्हणून अर्जाच्या विषयातच लिहा: "दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम ७(२) अन्वये माहिती व संरक्षणाची मागणी."

बैठकीत काय ठरवून घ्यायचं

नऊ वर्षांच्या पोराला कोणी शिक्षक मौजेखातर बांधत नाही, बहुतेक वेळा तरी. तो वर्गातून पळतो, रस्ता जवळ आहे, वर्गात चाळीस मुलं आहेत आणि बाईंना दुसरं काही सुचत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, पण तो हिशेब कागदावर पुरा आणि वर्गात अपुरा असतो. यातलं काहीही बांधण्याचं समर्थन होत नाही. पण पळण्याचा प्रश्न सुटला नाही तर ओढणी जाऊन कोंडलेली खोली येते, एवढंच.

म्हणून बैठकीआधी आठवडाभराची नोंद हवी: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर मोठ्यांनी काय केलं. तीन रकाने पुरेत. त्यात काहीतरी साचा सापडतो. प्रार्थनेचा कर्णा, दुपारच्या सुट्टीची घंटा, जानेवारीत मैदानावर लेझीमचा सराव सुरू झाला की हलगीचा आवाज, अशा गोष्टींनंतर ऑटिझमचं मूल उठून पळतं, कान झाकतं किंवा हात चावतं. मोठ्यांना ती मस्ती वाटते. मूल आवाजापासून पळत असतं.

मग आराखड्यात नेमकं लिहा. दारापासून लांबच्या, भिंतीकडच्या बाकावर बसवणं. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटांची फेरी: फळा पुसणं, खडूचा डबा आणणं, पाणी पिऊन येणं. सराव सुरू होण्याआधी दहा मिनिटं त्याला ग्रंथालयाच्या खोलीत नेणं, आणि कोण नेणार त्याचं नाव. लघवीसाठी दाखवायचं एक चित्रकार्ड, दप्तराला बांधलेलं. फाटकाला वरच्या बाजूची कडी. तो चिडला तर काय करायचं: बोलणं कमी, दोन हात अंतर, गर्दी बाजूला, शांत कोपरा. आणि काय करायचं नाही: धरून दाबणं, बांधणं, खोलीला बाहेरून कडी, डबा किंवा पाणी काढून घेणं. रोजची एक छोटी वही घर आणि शाळेत ये-जा करेल; तिच्यात पाचच गोष्टी: खाल्लं का, पाणी, लघवी, चिडला का, काही लागलं का. "काही लागलं का" या रकान्यासाठी वही हवी. शाळेने "काही नाही" लिहून पाठवलं आणि संध्याकाळी हातावर वळ निघाला, तर पुढचं सांगायची गरज उरत नाही.

शाळा म्हणेल, आईने दिवसभर वर्गात बसावं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस तासभर बसणं उपयोगाचं असतं, पण ती कायमची अट होऊ देऊ नका. आईची मजुरी बुडते आणि मुलाची जबाबदारी शाळेच्या अंगावरून कायमची उतरते. घरपोच शिक्षणाचंही तसंच. तीव्र किंवा बहुविकलांग मुलासाठी तो पालकांनी निवडायचा पर्याय आहे. मुख्याध्यापकांनी सुचवून नाव घालायची सोय नव्हे. "आम्ही स्वखुशीने घरपोच शिक्षण घेत आहोत" अशा छापील कागदावर बहिणीने सही करू नये. दाखलाही रागाने काढू नका. दाखला काढला की मूल त्या शाळेचं उरत नाही आणि चौकशीतला निम्मा जीव जातो.

धोका मोठा वाटत असेल तर काही दिवस मुलाला जरूर घरी ठेवा, पण त्या दिवशी शाळेला एक ओळ पाठवा: "सुरक्षिततेची लेखी हमी न मिळाल्याने आज पाठवत नाही." नाहीतर हजेरीपटावर नुसती गैरहजेरी लागते आणि महिन्याभराने तो "अनियमित" ठरतो.

दुसरा अर्ज : कारवाईचा

आधी हे समजून घ्या की मालक कोण. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षकावरची कारवाई १९६४ च्या जिल्हा सेवा शिस्त व अपील नियमांनी जिल्हा परिषद करते. खासगी अनुदानित शाळेत नेमणूक संस्थेची असते आणि कारवाई १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायद्यानुसार संस्थेला करावी लागते. शिक्षणाधिकारी संस्थेला भाग पाडू शकतात. म्हणून तुमच्या अर्जावर संस्थेचे सचिव आणि सांगली जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) ही दोन नावं आवश्यक. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या शाळेतलं मूल असतं तर महापालिकेचा शिक्षण विभाग आला असता. मूकबधिर, अंध किंवा मतिमंद मुलांच्या विशेष शाळा शिक्षण विभागाखाली नसतात. तिथे जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग आणि पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय. सातारा-सांगलीकरांचा आणखी एक घोटाळा होतो: महसुली विभाग पुणे, पण शिक्षण उपसंचालक कोल्हापूरला. पुण्याला पाठवलेला कागद फिरून कोल्हापूरला येईपर्यंत दिवस जातात.

मुख्यमंत्र्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पंधरा जणांना एकच अर्ज पाठवायची हौस टाळा. तो प्रत्येक कार्यालयातून "उचित कार्यवाहीसाठी" खाली येतो. शिक्षणाधिकारी गटशिक्षणाधिकाऱ्यांना, ते विस्तार अधिकाऱ्यांना, ते मुख्याध्यापकांना अहवाल मागतात. मुख्याध्यापक लिहितात, तथ्य आढळत नाही. तेच वाक्य त्याच वाटेने वर जाऊन तुम्हाला उत्तर म्हणून येतं. ही वाट तोडायची असेल तर चौकशी कशी व्हावी हे अर्जातच मागा. चौकशी अधिकारी त्या शाळेचा किंवा तिच्या केंद्राचा (आसपासच्या शाळांच्या गटाचा) नसावा. मुलाचं म्हणणं विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यावं. वर्गातल्या मुलांशी बोलताना संबंधित शिक्षिका आणि मुख्याध्यापक तिथे नसावेत. चित्रीकरण पाहिल्याचा पंचनामा व्हावा. पालकांचा जबाब घ्यावा आणि अहवालाची प्रत द्यावी.

जबाबाच्या दिवशी घाई करतील. पूर्ण वाचा, शेवटची ओळ दोनदा वाचा. "वरील खुलाशाने माझे समाधान झाले आहे" अशी ओळ तिथे असते. समाधान झालं नसेल तर ती खोडून, खोडल्यावर सही करून मगच खाली सही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे अशा तक्रारीचा निर्णय स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील होतं. समांतर वाट म्हणजे पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत आणि त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित खात्याला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. शाळा व्यवस्थापन समिती चांगली असेल तर तिच्यातही विषय घ्या, पण अनुदानित शाळेत ती सल्ल्यापुरती असते.

कागद अडकले तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, मुदत तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून "संपूर्ण माहिती द्या" ऐवजी चौकशी अहवाल, भेट नोंदवहीची पानं, तक्रारपेटी उघडल्याच्या नोंदी असं नेमकं मागा.

पोलीस ठाण्यात

इथे बहुतेक घरं एका शब्दावर परत फिरतात: एनसी. साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), हा अदखलपात्र गुन्हा, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत; अशा गुन्ह्याची नुसती नोंद म्हणजे एनसी. अंमलदार तेवढंच कलम लावतो, एनसीची पावती देतो आणि सांगतो, कोर्टात जा. पण प्रकरण तेवढंच नसतं. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ मध्ये दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणं आणि तिच्या अवयवाच्या, ज्ञानेंद्रियाच्या किंवा साहाय्यक साधनाच्या वापरात मुद्दाम अडथळा आणणं, या दोन्हीला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. पाच वर्षांपर्यंतची शिक्षा असल्याने तो दखलपात्र ठरतो. हात बाकाला बांधणं म्हणजे हाताच्या वापरात अडथळा, यापेक्षा सरळ उदाहरण सापडणार नाही. श्रवणयंत्र काढून ठेवणं, व्हीलचेअर किंवा कुबडी लांब नेऊन ठेवणं हेही त्यातच. शिवाय न्याय संहितेचं डांबून ठेवण्याचं कलम १२७ आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ तपासून लावायला सांगा. फिर्यादीत कलमांपेक्षा कृती स्पष्ट लिहिलेली हवी: कोणता हात, कशाने, कशाला, किती वेळ, कोणासमोर.

प्रमाणपत्र नाही म्हणून अडवलं तर सांगा की ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षण आणि सवलतींसाठी आहे, कलम ९२ साठी नाही. बालरोगतज्ज्ञांची किंवा मानसोपचारतज्ज्ञांची कागदपत्रं जोडा आणि स्वावलंबन पोर्टलवर प्रमाणपत्राचा अर्ज त्याच आठवड्यात टाकून पावती ठेवा.

प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याला भेटायचं आहे असं म्हणा. मुलाला ठाण्यात बसवून ठेवू देऊ नका. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी, आणि तिथेही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. वकिलाचा खर्च हा अडसर नाही. बालक, स्त्री आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, फोन १५१००. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, तातडीला ११२.

एक मात्र स्वतंत्र सांगतो. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका जरी असली तरी वरचा सगळा क्रम बाजूला. आधी शाळेशी बोलणं नाही, बैठक नाही. मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा; प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि नमुना खराब होतो. थेट ११२ किंवा पोलीस. पोक्सो कायद्यात मुलाचा जबाब घरी, साध्या कपड्यातल्या अधिकाऱ्याने, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा असतो, आणि न बोलणाऱ्या मुलासाठी विशेष शिक्षकाची किंवा त्याची भाषा समजणाऱ्या माणसाची मदत मागता येते. शाळेला कळूनही तिने पोलिसांना कळवलं नाही तर तो वेगळा गुन्हा.

गाव, पुढारी आणि मोबाइल

"गावातलं गावात मिटवू" असा निरोप येईलच, बहुधा संस्थेशी संबंध असलेल्या कोणाकडून तरी. बसायला हरकत नाही. अट एकच: जे ठरेल ते लेखी, मुख्याध्यापकांच्या सहीने, वरच्या आराखड्यासह. तोंडी माफी आणि हातात नारळ एवढ्यावर उठलात तर दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं पहिल्यासारखं. दखलपात्र गुन्हा नोंदला गेला असेल तर तो गावबैठकीने मागे घेतला जात नाही, हेही समोरच्यांना शांतपणे सांगा.

व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकू नका, यूट्यूबवरच्या बातमीवाल्यांना देऊ नका. पीडित बालकाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा दोन लाख दंडापर्यंत. चूक शाळेची असताना गुन्हा तुमच्यावर, असं होऊ देऊ नका.

भाचीचं: तिच्या वह्या, गुण, बसायची जागा, तिला कोणी काय बोललं, हे त्याच वहीत मागच्या पानांवर लिहीत जा. सूड फटक्याने क्वचित उगवला जातो. स्नेहसंमेलनाच्या नाचातून नाव वगळून, "तुझ्या मामाला सांग" असं वर्गात बोलून उगवला जातो.

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी

बांधणं हे ढोबळ रूप. रोजचं बारीक असतं आणि ते दप्तरातून कळतं. पाण्याची बाटली रोज भरलेली परत येते? मुलाला शौचालयात न्यायला कोणी नाही म्हणून त्याला पाणीच देत नसतील. मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होत असेल तर हा प्रश्न विचारा. डायपर दोन पाठवले आणि एकही वापरला नाही? श्रवणयंत्राची गोल बॅटरी साधारण आठवडा ते दोन आठवडे पुरते. ती महिनाभर पुरू लागली तर यंत्र शाळेत बंद असतं. फिटच्या गोळ्या मोजून पाठवा, मोजून घ्या. वडाप (शेअर जीप) किंवा रिक्षाने जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत घरातून निघाल्याची आणि शाळेत पोहोचल्याची वेळ जुळते का पाहा. मारहाण दर वेळी वर्गातच होते असं नाही. नववी-दहावीत "निकाल बिघडेल, सतरा नंबरचा फॉर्म भरा" असं सांगून नियमित नाव काढायला लावणं हाही अन्यायच. बोर्डाच्या जादा वेळ आणि लेखनिक या सवलतींचा प्रस्ताव शाळेने कोल्हापूर विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो, तो पाठवल्याची प्रत मागा.

निवासी विशेष शाळेत मूल असेल तर आधी दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५० खालचं नोंदणी प्रमाणपत्र पाहा. भेटीला ठरलेल्या रविवारी न जाता अधूनमधून आडवारी, जेवणाच्या वेळेला जा. दर सुट्टीत घरी आल्यावर वजन त्याच काट्यावर करा, अंघोळ स्वतः घाला, पाठ आणि मांड्यांची आतली बाजू पाहा. गुडघे-नडगीवरच्या खुणा खेळताना होतात. कानामागच्या, दंडाच्या आतल्या बाजूच्या आणि पाठीवरच्या सहसा होत नाहीत.